वाढदिवस, श्रद्धांजली आणि 'लिंकन'

फ्लेक्सच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. वाढदिवसाचा फोटो आणि श्रद्धांजलीचा फोटो एकच असतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचं अभीष्टचिंतन छापलं होतं, दहा बाय पाच, मागं फुगे आणि फटाके. दिवाळीनंतर त्यांचा नातू आला. "तोच फोटो घ्या की, त्यात हसलेत चांगले." फुगे काढले, समई ठेवली. चेहऱ्याला हातही लावला नाही.

असली कामं करताना स्पीकरवर मी 'लिंकन' लावतो. दे माइट बी जायंट्स या न्यूयॉर्कच्या बँडचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम, १९८८ चा. बँड म्हणजे तेव्हा दोनच माणसं, आणि दोघांचंही नाव जॉन. लिनेलकडं अ‍ॅकॉर्डियन, फ्लान्सबर्गकडं गिटार. ड्रमर नाहीच, ठेका मशीनचा. बार-नन नावाच्या छोट्या स्वतंत्र कंपनीनं अल्बम काढला. अठरा गाणी, आणि सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर. अ‍ॅकॉर्डियन असा उड्या मारतो की शेजारच्या दुकानातले मामा एकदा डोकावून म्हणाले, "वरातीचं का रे हे?"

वरात कसली? 'दे'ल नीड अ क्रेन' हे त्यातलं गाणं मोडणाऱ्या संसाराचं आहे. त्यानं तिच्यासाठी बांधलेलं घर आता पाडायचंय, त्याला क्रेन लागणार. चाल मात्र अशी की ऐकणारा पायानं ठेका धरतो आणि काय ऐकतोय ते त्याच्या उशिरा ध्यानात येतं. हे मला फार आवडतं. दुःखाला व्हायोलिन लावणारे ढिगानं आहेत. इथं बातमी वाईट आहे आणि ती सांगणाऱ्याचा चेहरा मक्ख आहे.

दोघांचं नशीबही तसलंच. सुरुवातीच्या काळात लिनेलचं सायकल-अपघातात मनगट मोडलं आणि फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली. कार्यक्रम बंद. मग त्यांनी घरच्या आन्सरिंग मशीनवर स्वतःची गाणी भरून ठेवली. नंबर फिरवा, गाणं ऐका. जाहिरातीत लिहिलं होतं, ऑफिसातून फोन केला तर फुकट! आपल्याकडं पुढं एसटीडी बूथमध्ये मीटरवर डोळा ठेवून बोलायचे दिवस आले. साहेबाच्या टेबलावरच्या फोनची किंमत कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. 'आना एंग' हे अल्बममधलं पहिलं गाणंही फोनच्याच नादातून आलं. डिरेक्टरीत 'एंग' आडनावाची पानंच्या पानं दिसली आणि त्यावरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, कधीच न भेटलेली प्रेयसी तयार झाली.

अठराच्या अठरा गाणी सोनं आहेत असं मी म्हणणार नाही. दोन-चार नुसता वात्रटपणा आहे, ती मी पुढं ढकलतो. पण मुखपृष्ठ बघाच. मखरासारखी लाकडी मांडणी आणि तिच्यात दोघांच्या घराण्यांतल्या म्हाताऱ्यांचे फोटो. (अल्बमचं नाव ते दोघं जिथं वाढले त्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावाचं.) पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपलंच डिझाईन. फक्त 'शोकाकुल' आणि खाली तरुण मंडळाचं नाव तेवढं राहिलं. मोठ्या कंपनीकडं गेल्यावर १९९० मध्ये आलेल्या पुढच्या अल्बमचं नाव त्यांनी 'फ्लड', म्हणजे पूर, ठेवलं. २०१९ च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं हे तासातासाला विचारणाऱ्या गावात ते नाव खपलं नसतं. किंवा खपलंही असतं. पाणी त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेलं तरी इथं कट्ट्यावर पैजा लागतात.

शेवटचं गाणं, 'किस मी, सन ऑफ गॉड', मात्र माझ्या धंद्याचं. गाणारा पुढारी आहे. कष्टकऱ्यांच्या रक्तावर छोटंसं साम्राज्य उभं केलंय, लोक आपल्याला देव मानतात, मित्र कुणी उरला नाही, हे सगळं तो अगदी गोड गळ्यानं सांगतो. आणि शेवटी विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना, आणि माझंही माझ्यावर?

निवडणुकीच्या आधी एक पोरगा मॅटर घेऊन आला. वीस बाय दहा, कार्यसम्राट, भावी नगरसेवक, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. खाली शुभेच्छुकांची जागा मोकळी.

"इथं कुणाचं नाव?"

पोरगा लांब जाऊन फोनवर बोलून आला. "साहेब म्हणतायत, त्यांचंच टाका."

टाकलं. ठळक अक्षरात.