एल-१ का नाही? (आयआरएफ-३च्या अँटिबॉडीची गोष्ट)

बाटलीत होते १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. त्यासाठी जळगावात मी चार महिने खरेदी विभागाचा उंबरा झिजवला.

पेशीत विषाणू शिरला की आयआरएफ-३ या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं, ते केंद्रकात जातं आणि इंटरफेरॉन-बीटाचं जनुक चालू होतं. हे बघायला मला दोन अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे रेणू) हव्या होत्या. एक सगळं आयआरएफ-३ ओळखणारी. ती सहज आली. दुसरी, सेरीन ३९६वर (म्हणजे प्रथिनातल्या ३९६व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर) फॉस्फेट असेल तरच चिकटणारी. घोडं अडलं ते हिच्यापाशी.

नियमाप्रमाणे तीन कोटेशन दिली. त्यातल्या एका पुरवठादाराने साध्या अँटिबॉडीचा भाव पाठवला होता, आणि तुलनात्मक तक्त्यात अर्थातच तोच सगळ्यात खाली. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, नाव तर एकच आहे. निम्म्यात मिळतंय." मी म्हटलं, भाऊसाहेब, ती घडातली सगळी केळी मोजते, मला फक्त पिकलेली मोजायचीत. "मग घेतल्यावर निवडून घ्या ना!" फाइल परत. शेरा : एल-१ला (म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला) डावलण्याचे कारण द्यावे. कारण दिलं. पुन्हा परत : कारण सविस्तर द्यावे. दोन पानं लिहिली, तर टेबलावरचे साहेब रजेवर. फाइल नेणारे नाना एकदा म्हणाले, "ताई, एवढीशी बाटलीना एवढा पैसा?" निदान त्यांनी प्रश्न तरी सरळ विचारला.

शेवटी सुटलं ते प्रोप्रायटरी सर्टिफिकेटने. हाच क्लोन (अँटिबॉडीचा वाण म्हणा), एकच उत्पादक, पर्याय नाही, खाली गाइडची सही. हे पहिल्याच दिवशी जोडा. सोबत जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू उपलब्ध नसल्याचा अहवालही. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पार्सल सोमवारी निघेल असं पुरवठादाराकडून कबूल करून घ्या. आमचं मे महिन्यात आलं. शनिवारी पोचलं असतं तर रविवारभर गोदामात, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. उणे २० अंशांतही बाटली पातळ राहिली तर घाबरू नका, ग्लिसरॉल असतं. मी घाबरले होते.

हो, आणि ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडी पडद्यावर भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकायला, दूध पावडर वापरू नका. दुधातल्या केसीन या प्रथिनालाच फॉस्फेट असतात. माझा पहिला ब्लॉट (ज्या पडद्यावर प्रथिनं पट्ट्यांसारखी दिसतात तो) नुसता काळा आला. मग बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतलं. मानवी पेशी वापरत असाल तर मागवण्याआधी डेटाशीटवर 'मानवी' लिहिलंय का, तेही बघा.

दुसऱ्या ब्लॉटला ५० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे आयआरएफ-३च्याच वजनाला, पट्टी उमटली, आणि तीही फक्त पॉली आय-सी (विषाणूच्या आरएनएची कृत्रिम नक्कल) दिलेल्या लेनमध्ये. बिनडोसाची लेन कोरी. रात्रीचे साडेनऊ, लॅबमध्ये मी एकटीच. फोटो आधी आईला पाठवला, ती म्हणाली, "छान, पण जेवलीस का?"

आता दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून तिची पट्टी दिसू देणारी) संपत आलीय. परवा फाइल आत टाकलीय. शेरा यायचाय.