करंजाच्या बियांपासून वड्याच्या कढईपर्यंत: आमची वाटचाल

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं बायोडिझेलचं, म्हणजे तेलापासून डिझेलसारखं इंधन बनवायचं छोटं युनिट आहे. सुरुवात केली तेव्हा डोक्यात फक्त जट्रोफा, म्हणजे तेलबियांचं मोगली एरंड, कारण 2003 ला नियोजन आयोगाच्या समितीनं बायोडिझेल मिशन सुचवल्यापासून सगळीकडं तेच ऐकलेलं, पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही. आमच्या पाव्हण्यांच्या माळावर लावलं, झाडं जगली पण बिया मूठभर. बी धरायला पाणी-खत दोन्ही लागतंय, आणि पाणी असंल तर आपल्याकडचा शेतकरी ऊस लावणार की जट्रोफा? करंजाचं तेल चांगलं, पण बिया वेचायला माणसं मिळेनात.

मग एक व्यापारी पाम स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, घेऊन आला. टँकर दारात, माल एकसारखा, बॅच फसायची भीती नाही. पाम हेक्टरी साडेतीन-चार टन तेल देतं, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास, म्हणजे जमीन कमी लागते हे खरंच आहे. पण ती जमीन कुठली ते बघा ना, इंडोनेशिया-मलेशियात जंगल तोडून, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची दलदल चर मारून सुकवली की हजारो वर्षं साठलेला कार्बन हवेत जातो, त्यापेक्षा साधं डिझेल जाळलेलं बरं. शिवाय आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, ते इंजिनात घालायचं? मन तयार होईना, नाही म्हटलं.

1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू झाला, तिथून आमचा रस्ता सापडला. राजारामपुरी, गंगावेश, शाहूपुरी, वडेवाले भजीवाले सगळ्यांकडं वापरलेल्या तेलासाठी डबे ठेवले. पहिल्याच पावसाळ्यात 500 लिटरची बॅच गेली. तेलात पाणी होतं, फॅटी ॲसिडपण जास्त, आम्ही टायट्रेशन (ॲसिड किती ते मोजायची चाचणी) न करता कॉस्टिक सोडा घातला आणि टाकीत नुसता साबण, खरवडून काढायला दोन दिवस. आता प्रत्येक डब्यातले दोन थेंब तापल्या तव्यावर टाकतो, तडतडलं की पाणी आहे, तो डबा बाजूला.

युरोपच्या हिशोबात वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलनं डिझेलच्या तुलनेत कार्बन 80 टक्क्यांहून जास्त वाचतो, कारण ते टाकाऊ धरतात, शेतीचा बोजा त्यावर येत नाही. पण माल खरंच वापरलेला पाहिजे. मध्ये एकजण 'वापरलेलं' म्हणून टँकर घेऊन आला, तेल इतकं स्वच्छ की त्यात एक वडासुद्धा तळलेला नव्हता, परत पाठवला. कढई बघितल्याशिवाय आम्ही तेल घेत नाही. आणि आमचंही सगळंच हिरवं नाही हो, तेलाचं बायोडिझेल करायला 100 किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) लागतं, ते बहुतेक नॅचरल गॅस नाहीतर कोळशातनं बनतं. धुण्याचं पाणी मात्र ट्रीट केल्याशिवाय सोडत नाही, इथला नाला शेवटी पंचगंगेलाच जातो.

गंगावेशीतले एक मामा आधी रोज रात्री गाडा बंद करताना काळं तेल गटारीत ओतायचे, आता आम्ही एक दिवस उशिरा गेलो तर फोन करून झापतात.

महिन्यातले आठ-दहा दिवस रिॲक्टर रिकामा असतो, तेवढं तेलच गोळा होत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात इचलकरंजीचा रूट सुरू करतोय. डबा आणि गाळणी आमची, तुम्ही फक्त तेल गार करून ओता आणि पाणी जाऊ देऊ नका.