सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन आणि माझी सुंगटांची अ‍ॅलर्जी : माझा अनुभव

आधी हे सांगते की मला सुंगटं चालत नाहीत, म्हणजे कोळंबी. सातवी-आठवीत असताना एकदा सुंगटांचं सुकं खाल्लं आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, तेव्हापासून सुंगटं आणि कुर्ल्या (खेकडे) दोन्ही बंद. देवगडात राहून कुर्ल्या नाहीत म्हटल्यावर लोक हळहळतात. बांगडा, पेडवे, सौंदाळे, सुरमई सगळं खाते, कधी काही झालं नाही. ही बांगड्याची गोष्ट लक्षात ठेवा.

वय ४७, डायबेटिसची गोळी सहा वर्षं चालू आहे, मेटफॉर्मिन. पावसाळ्यात कधीकधी दम लागतो, तेवढ्यापुरता इनहेलर घेते. मार्चमध्ये उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात लिव्हरमध्ये गाठ दिसली. गाठ हा शब्द ऐकल्यावर घरात काय होतं ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच माहीत. आमचे हे रात्री ओटीवर नुसते बसून राहायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, सीटी स्कॅन करा, कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे गाठ नीट दिसावी म्हणून नसेतून औषध देऊन.

पहिल्यांदा गेलो ते तासाभराच्या अंतरावरच्या एका सेंटरला. फोनवर सांगितलं होतं की रात्री दहानंतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सकाळी नऊचा नंबर होता तो साडेअकराला लागला, डायबेटिसचं माणूस उपाशी, तोंड सुकलेलं, हातापायांना कंप सुटलेला. फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, मासळीची अ‍ॅलर्जी आहे का? मी खरं ते सांगितलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, मग कॉन्ट्रास्ट देता येणार नाही, मासळीसारखंच त्यातही आयोडीन असतं, प्लेन करून टाकू. बस्स. दम्याचं विचारलं नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) विचारलं नाही, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं नाही. आम्ही घाबरलेलो, हो म्हणालो, पैसे भरले, प्लेन स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये काय आलं? लिव्हरमध्ये गाठ आहे, कॉन्ट्रास्टसकट तपासणीचा सल्ला. म्हणजे जे आम्ही घरून निघतानाच हातात घेऊन निघालो होतो तेच परत आणलं, वर रेडिएशन घेतलं ते वेगळंच.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीपाशी भाकऱ्या करत होत्या, म्हणाल्या, "आयोडीन म्हणजे ता मिठातला मां गो? मग ता तर तू रोज खातस." मी गप्पच झाले. सहावीपर्यंत शिकलेल्या बाईला जे सुचलं ते तिथे कोणालाच का सुचू नये, आणि मला तरी का सुचलं नाही?

आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते नीट समजावून बोलले. सुंगटांची अ‍ॅलर्जी असते ती त्यातल्या प्रोटीनची, ट्रोपोमायोसिन नावाचं असतं ते, सुंगटं-कुर्ल्यांच्या स्नायूतलं. आयोडीनचा तिथे काही संबंध नाही. आयोडीन तर आपल्या थायरॉइडच्या हार्मोनमध्येच असतं, त्याची अ‍ॅलर्जी असती तर माणूस जगलाच नसता. आणि समुद्रातल्या सगळ्याच मासळीत आयोडीन असतं, बांगड्यातही असतं, तो तुम्ही खाताच की. मला एकदम पटलं. जखमेवर बीटाडीन कितीदा लावलंय, तेही आयोडीनच. पण ते पुढे हेही म्हणाले की कुठलीही अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला, मग ती सुंगटांची असो, शेंगदाण्याची असो की एखाद्या गोळीची, कॉन्ट्रास्टला रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, दम्याचंही तसंच. त्याने इंजेक्शन टाळायचं नसतं, सांगायचं मात्र असतं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, आधी कधी हेच इंजेक्शन घेऊन त्रास झालाय का?

मग कोल्हापूर ठरलं. पहाटे चारला निघालो, फोंडा घाट चढताना उजाडलं. यावेळी फोनवर सांगितलं होतं की चार तास आधीपासून जड काही खाऊ नका, पाणी मात्र भरपूर प्या, त्यामुळे घरून पेज घेऊन निघाले आणि बाटली संपवत गेले. क्रिएटिनिन आधीच करून आणायला सांगितलेलं, ०.९ आलं होतं, त्यावरून ते ईजीएफआर काढतात, किडनी किती चाळते त्याचा आकडा, माझा ७९. हा आकडा तीसच्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट देताना जास्त विचार करावा लागतो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्वतः समोर बसवून विचारलं. आधी सीटीचं इंजेक्शन घेतलंय का, दमा आहे का आणि आज धाप आहे का (छातीला स्टेथोस्कोप लावून बघितलं), थायरॉइड वाढलेला आहे का, किडनीचा काही आजार, गोळ्या कुठल्या. मेटफॉर्मिनचं मला फार टेन्शन होतं, कोणीतरी सांगितलेलं की ती गोळी आणि हे इंजेक्शन एकत्र झालं की किडनी जाते. तसं नाहीये. मेटफॉर्मिन किडनीला काही करत नाही, पण ती बाहेर पडते किडनीतूनच, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल आणि त्यात आणखी बिघडली तर गोळी अंगात साठत जाते आणि रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं, ते धोक्याचं. म्हणून ईजीएफआर तीसच्या खाली असला किंवा किडनी अचानक बिघडलेली असली तर स्कॅनच्या वेळी गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी पुन्हा क्रिएटिनिन बघून चालू करतात. माझा आकडा बरा होता, तुम्ही चालू ठेवा म्हणाल्या. काही ठिकाणी सगळ्यांनाच ४८ तास बंद ठेवायला सांगतात, तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, आपल्या मनाने शुगरची गोळी बंद करू नका.

देवगड म्हटल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. समुद्रात डुबी मारून डोळे उघडले की झोंबतात, आणि पावसाळ्यात खाडीत पोहताना तेवढे झोंबत नाहीत ना? मी म्हटलं हो, लहानपणी तेच तर करायचो. तर टॉर्स्टन आल्मेन नावाच्या स्वीडनच्या रेडिऑलॉजिस्टला हेच आठवलं होतं, एका किनाऱ्याचं पाणी खारट, डोळे चुरचुरतात, दुसऱ्या बाजूच्या बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, तिथे त्रास कमी. त्या काळच्या कॉन्ट्रास्टमध्ये विरघळलेले कण रक्ताच्या पाच ते सात पट असायचे, जास्त खारट पाण्यासारखे, रक्तवाहिनीत आग व्हायची ती त्यामुळे. त्यातून त्याने १९६० च्या दशकाच्या शेवटी कमी झोंबणाऱ्या कॉन्ट्रास्टची कल्पना काढली, आता देतात ते त्याच जातीचं, रक्ताच्या दोन-तीन पटच. फरक किती पडला तर १९९० साली जपानमध्ये तीन लाखांपेक्षा जास्त लोकांचा अभ्यास छापून आला, जुन्या औषधाने दहा हजारांत २२ जणांना गंभीर रिअ‍ॅक्शन, नव्याने ४ जणांना. चार म्हणजे शून्य नाही हेही त्यांनी सांगितलं, आणि त्या चारांसाठी अ‍ॅड्रेनालिन त्याच खोलीत भरून तयार असतं, ते दाखवलं सुद्धा. मला हे फार बरं वाटलं. काही होत नाही हो, असं म्हणून पाठीवर थोपटण्यापेक्षा झालं तर काय करणार ते दाखवलेलं बरं.

कोपराच्या खोबणीत गुलाबी रंगाची सुई लावली, आधी सलाइन ढकलून बघितलं की नस नीट धरली आहे ना. हे का करतात ते बाहेरच्या बाकावरच्या एका काकांमुळे कळलं, त्यांची नस फुटून औषध कातडीखाली गेलं होतं, दंड टम्म फुगलेला, हात उंच धरून त्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसले होते. इंजेक्शन मशीनने जातं, जोरात, सेकंदाला तीन-चार मिली, साधारण ९० मिली औषध अर्ध्या मिनिटात आत. त्यामुळे नसेत चुरचुर झाली, ठणका लागला की लगेच ओरडायचं, सहन करत पडून राहायचं नाही. आपल्या बायकांना सोसायची सवय असते म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि ती गरमी. पाणचुलीवरचं कढत पाणी कोणी आतून ओतावं तशी, आधी घशात, मग छातीत, पोटात, मग खाली, आणि तिथे अगदी खात्रीच वाटते की आपल्याला लघवी झाली. होत नाही, नुसतं वाटतं. मला आधी सांगितलं होतं म्हणून मी हलले नाही, नाहीतर घाबरून उठून बसले असते आणि सगळा स्कॅन वाया गेला असता. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. मशीन हिंदीत बोलतं, सांस रोकिए, तेव्हा श्वास रोखायचा. मिनिटाभरात गरमी ओसरते. माझे फोटो चार वेळा काढले, आधी बिनऔषधाचे, मग औषध गेल्यावर अर्ध्या मिनिटाने, मग सव्वा मिनिटाच्या आसपास, मग काही मिनिटं थांबवून. औषध गाठीत कधी शिरतं आणि कसं पसरतं त्यावरूनच ती कसली ते ओळखतात, प्लेन स्कॅनमध्ये हे दिसणार कुठून.

बाहेर आल्यावर सुई काढली नाही, अर्धा तास इथेच बसा म्हणाले. हे गाडी काढायला निघाले होते, घाट उतरायचा होता ना दिवसाउजेडी, मीच म्हटलं थांबा. आणि सात-आठ मिनिटांत कानामागे खाज सुटली. आधी वाटलं घामाने असेल, मग हातावर बघते तर गांधी, तीन-चार, मग गळ्यावर दोन. छातीत धस्स झालं. लगेच सिस्टरला हाक मारली. त्यांनी आत घेतलं, बीपी, ऑक्सिजन, छाती बघितली, बोलायला लावलं, आवाज घोगरा झालाय का, ओठ-जीभ सुजतायत का, श्वासाला त्रास आहे का. काहीच नव्हतं, फक्त कातडीवर. त्याच सुईतून अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, झोप आली, तासाभरात गांधी मावळल्या. दोन तास ठेवून घेतलं. आम्ही लगेच निघालो असतो तर हे सगळं राधानगरीच्या अलीकडे कुठेतरी गाडीत झालं असतं, हातात सुई नाही, डॉक्टर नाही.

मॅडम म्हणाल्या, ही सौम्य रिअ‍ॅक्शन, पण आता तुम्हाला खरंच कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी आहे असं धरायचं. पुढच्या वेळी सांगितलंत की ते दुसऱ्या नावाचं कॉन्ट्रास्ट देतील, गरज वाटली तर आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतील, त्या तेरा तास, सात तास आणि एक तास आधी अशा घ्यायच्या असतात, म्हणजे आयत्या वेळी काउंटरवर सांगून उपयोग नाही, तारीख घेतानाच सांगायचं. आठवडाभरात कधीही पुरळ उठू शकतं, लक्ष ठेवा. पाणी पीत राहा, किडनी बरी असेल तर औषध दिवसभरात जवळजवळ सगळं लघवीवाटे निघून जातं. मी स्वतःहून विचारलं की त्या औषधाचं नाव लिहून द्या, त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, आयोहेक्सॉल, तारीख, काय झालं, काय दिलं.

मुंबईची नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, मी सांगितलेलं ना, मासळीची अ‍ॅलर्जी असली की हे घ्यायचं नसतं." मला राग आला नाही पण वाईट वाटलं, कारण आता माझंच उदाहरण देऊन लोक एकमेकांना हेच सांगणार. सुंगटं खाऊनही कधी काही न झालेल्या माणसाला या इंजेक्शनने गांधी उठतात, आणि सुंगटं न चालणाऱ्या बहुतेकांना इंजेक्शनने काहीच होत नाही. मला दोन्ही आहे. पण त्या भीतीने मी कोल्हापूरला गेले नसते तर ती गाठ कसली ते अजून कळलं नसतं.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. हिमँजिओमा. लिव्हरमधल्या रक्तवाहिन्यांचा गुंता असतो तो, कॅन्सर नाही, औषध गाठीच्या कडेने आधी भरलं आणि मग हळूहळू मध्यापर्यंत गेलं त्यावरून ओळखला. काही करायचं नाही, सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी. आमचे हे रिपोर्ट वाचून झाल्यावर परसात जाऊन माडांना पाणी घालत बसले, दुपारच्या उन्हात, मी बोलावलं नाही.

त्या लेटरहेडचा फोटो फोनमध्ये ठेवलाय आणि कागद झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आधार कार्डाबरोबर पाकिटात. मागच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे फॉर्म भरायचा होता, अ‍ॅलर्जीच्या रकान्यात पूर्वी मी नुसतं मासळी लिहायचे. आता दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. सुंगटं आणि कुर्ल्या, खाण्यात. आयोहेक्सॉल, सीटीचं इंजेक्शन, अंगावर गांधी.