कासचा गालिचा सोडून

कासच्या पठारावर यंदा मी सहाव्यांदा गेलो. निघायच्या आधी एका रात्री मागच्या पाच वेळचे फोटो ओळीने पाहिले आणि स्वतःचाच कंटाळा आला. वर अर्धं आभाळ, खाली अर्धं जांभळं-गुलाबी, मधे कुणाची तरी टोपी. तारीख झाकली तर कुठला फोटो कुठल्या वर्षीचा, हे मलाही ओळखता येईना. म्हणून या वेळी स्वतःला अट घातली, की फुलांच्या गालिच्याचा फोटो काढायचा नाही.

बरोबर भाचा होता. दहावी झाल्याबद्दल नवा फोन मिळालेला. पुण्याहून पहाटे चारला निघताना डोळे चोळत म्हणाला, "मामा, गालिचा काढायचाच नाही, तर एवढ्या लवकर मरायला कशाला उठलो?" साताऱ्यापर्यंत मला उत्तर सुचलं नाही. पुढे यवतेश्वरचा घाट लागला, गाडीच्या पुढचं दहा फुटांपलीकडचं दिसेना आणि प्रश्न आपोआप निकालात निघाला. काढायचा म्हटला असता तरी गालिचा होताच कुठे?

कास साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात हे पठारही आहे. तेव्हापासून गर्दी इतकी, की आता आधी नोंदणी करून ठरलेल्या वेळेतच आत जावं लागतं. सगळा जांभा, त्यावर बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीत पावसाळ्याच्या शेवटी हा सगळा संसार. पायवाट सोडायची नाही. माझा पाय जरा कडेला सरकला तर तिथल्या देखरेखीच्या मावशी धुक्यातून ओरडल्या, "आवं दादा, पाय आत घ्या की! फुलं काय पळून चालली न्हाईत."

धुक्याचे पहिले फोटो मळकट आले. कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. पांढरं धुकं दिलं की तो त्याचीही राख करतो. एक्स्पोजर एक स्टॉप वर चढवलं, म्हणजे प्रकाश दुप्पट घेतला, तेव्हा धुकं पुन्हा पांढरं झालं. मग लांबचा नाद सोडला आणि ७०-३००ची झूम लेन्स लावून पायाजवळ पाहू लागलो.

वाटेच्या अगदी कडेला तेरडा होता. लेन्स त्याच्या पाकळ्यांना जवळजवळ टेकवली आणि पूर्ण झूमवर, म्हणजे ३००वर, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) पूर्ण उघडं ठेवून, त्यांच्या फटीतून पलीकडचं गेंदाचं एकुलतं एक पांढरं फूल टिपलं. जवळचा तेरडा इतका फोकसबाहेर जातो, की फूल न राहता गुलाबी वाफ होते आणि त्या वाफेत गेंदाचं पांढरं बटण तरंगतं. ऑटोफोकस मात्र इथे हटकून दगा देतो, दर वेळी जवळच्या पाकळीलाच जाऊन चिकटतो. तो बंद करून हाताने फोकस केला. पंधरा-वीस फोटोंतला एक जमला.

खरा शत्रू वारा. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी, देठ काडीसारखा. श्वास सोडला तरी हलतात. आधीच्या पाच खेपांना मी वारा पडायची वाट पाहत उकिडवा बसायचो आणि मग १/१००० सेकंदात फूल गोठवायचो. या वेळी वाऱ्यालाच कामाला लावायचं ठरवलं. घरून जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ शिवून आणले होते. ते वाटेवरच्या दगडावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवला. शटर जास्त वेळ उघडं राहावं म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, कमी करून १००, ॲपर्चर बारीक करून एफ १६, वर चमक कापणारा पोलरायझर फिल्टर. एवढं करून शटरला कुठे पाव सेकंद मिळाला. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. समोर वाटेकडेला शेवाळलेला जांभा होता. फोटोत तो दगड खरखरीत, अगदी भोकं मोजावीत इतका स्पष्ट, आणि त्याच्याभोवती फुलांची जांभळी धार वाहतेय. दगड पक्का असला पाहिजे, ही यातली मेख. काहीच स्थिर नसेल तर फोटो नुसता हललेला दिसतो.

अर्थात मी तेही केलं. पाव सेकंदच ठेवून, गेंदांच्या दाट पट्ट्यासमोर उभं राहून कॅमेराच वरून खाली ओढला. पांढऱ्या ठिपक्यांच्या उभ्या रेघा होतात, हिरव्यावर खडू ओढावा तशा. ओढ बटण दाबायच्या आधी सुरू करायची आणि नंतरही चालू ठेवायची, नाहीतर रेघेच्या टोकाला गाठ पडते. मावशी मागून स्क्रीनमध्ये डोकावल्या.

"कॅमेरा हालला व्हय?"

"हलवला."

"मुद्दाम?" त्यांनी भाच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोरा, तूच आता याला सांभाळून घरी ने.

एव्हाना भाच्याने माझ्याकडून एकच गोष्ट उचलली होती, पण नेमकी. फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते. फोन उलटा धरला की ती थेट जमिनीला टेकते. वाटेवरच्या जांभ्याच्या खळग्यात पाणी साचलं होतं. तळहाताएवढं डबकं, पण पाण्यापासून बोटभर उंचीवरून पाहिलं तर तळं दिसत होतं, काठावर कवल्याची पिवळी फुलं आणि पाण्यात त्यांचीच छाया. मी माझा जड कॅमेरा तिथवर नेऊच शकलो नाही. गुडघे मात्र लाल चिखलाने भरले.

साडेनऊच्या सुमारास दहा मिनिटं ऊन आलं. लोक आभाळाकडे बघून गालिच्याकडे धावले. मी दवबिंदूच्या झाडाकडे वळलो. या कीटकभक्षी झाडाच्या केसांवरचे थेंब म्हणजे दव नव्हे, चिकट सापळा आहे. समोरून पाहिलं तर ते झाड काडीकचरा वाटतं. सूर्य त्याच्या मागे येईल असं बसलं की प्रत्येक थेंब दिवा होतो. इथे धुक्याच्या उलट करायचं, एक्स्पोजर स्टॉपभर खाली. मागचं गवत काळोखात जातं आणि उरतात ते लालसर केस आणि त्यांच्या टोकांवरचे मणी.

एक कबूल करतो. फोटो हलवणं, धूसर करणं मला चालतं, पण रंग चढवणं चालत नाही. कासचा जो गडद जांभळा रंग फोनवर फिरतो, तो मी सहा खेपांत एकदाही पाहिलेला नाही. सीतेची आसवं फिकट निळसर जांभळी असतात. पोलरायझरने ओल्या पानांवरची चमक कापली की रंग जेवढा उघडतो तेवढा मला पुरतो. हे फारसं तर्काला धरून नाही, ठाऊक आहे.

वेळ संपली, बाहेर पडलो. भज्यांच्या टपरीत शिरताच गार लेन्सवर उबदार वाफ धरली आणि समोरचं काहीच दिसेना. पुसायला रुमाल काढला, मग थांबलो. कढई, वरचा पिवळा बल्ब, भजी तळणारा हात, सगळ्याभोवती प्रभावळ. दोनच फोटो मिळाले, तिसऱ्यापर्यंत वाफ गेली. चारशेवर फोटोंतून घरी येऊन जे अकरा ठेवले, त्यांत त्यातला एक आहे.

भाच्याचा सगळ्यात चांगला फोटो मला दिसलाही नव्हता. गवताच्या पात्यावर एक थेंब आणि त्या थेंबात मागचं अख्खं तेरड्याचं फूल, उलटं. थेंब भिंगासारखाच वागतो, मागचं दृश्य उलटं करून आत घेतो. फोकस थेंबाच्या कडेवर न धरता आतल्या फुलावर धरावा लागतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. भजी येईपर्यंत त्याने तो आईला पाठवलाही होता. ताईचं उत्तर लगेच आलं : "छान. फूल उलटं आलंय, सरळ करून पाठव."

त्याने खरंच फोटो फिरवला. फूल सरळ झालं, आणि गवताचं पातं आभाळातून खाली लोंबायला लागलं.