सोमवारची रात्र माझ्या नावावर

इचलकरंजीला गेलो की प्रश्न ठरलेला. चहाचा कप हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच. "तिकडं खेड्यात राहतोस म्हणे. सुरक्षित आहे का रे? आणि घर-जमीन कुणाच्या नावावर?" गेल्या खेपेला शेजारच्या काकूंनी पुढची पायरी गाठली. "उद्या त्या लोकांनी हाकललं तर अंगावरच्या कपड्यांनिशी येशील की." त्यांना मी हसून उडवून लावलं. पण तुम्हीही तेच विचारलंत म्हणून यावेळी नीट सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माझ्या नावावर काही नाही. घर नाही, परसातला फणस नाही, भाताचं खाचर तर नाहीच. सगळं बायकोचं.

मी राहतो ते गाव इंडोनेशियातल्या मध्य जावात, क्लातेन जिल्ह्याच्या दक्षिण भागात. योग्याकार्ता आणि सोलो या दोन शहरांच्या मधला हा पट्टा. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, आकाश स्वच्छ असलं की पहाटे त्याचा धूर दिसतो. प्रंबाननची देवळं स्कूटरवरून अर्ध्या तासावर. 2001 मध्ये पश्चिम जावातल्या एका सूतगिरणीत नोकरीला आलो. यंत्रमाग सोडून आमच्या गावच्या पोराला दुसरं येतंय काय! तिथंच हिशेब खात्यात बायको भेटली. क्लातेनमध्ये जावानीज हिंदूंची काही घरं आहेत, त्यातलं तिचं एक. 2004 मध्ये लग्न झालं आणि 2014 मध्ये नोकरी सोडून आम्ही सासुरवाडीला येऊन राहिलो. घरजावई म्हणा, मला काही वाटत नाही.

जमिनीचा 1960 चा मूळ कायदा इथं स्पष्ट आहे. पूर्ण मालकीला इथं 'हाक मिलिक' म्हणतात. हाक म्हणजे आपला हक्क. आणि आपली 'मिळकत' ज्या अरबी शब्दाच्या घरातून आली, त्याच घरातला हा 'मिलिक'. शब्द माझा, वस्तू मात्र फक्त इंडोनेशियन नागरिकाची. परदेशी माणसाला भाड्यानं घेता येतं, ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही. हे ऐकून इचलकरंजीत लोक चुकचुकतात. मी विचारतो, महाराष्ट्रात परदेशी जावयाला शेत घेता येतं का? परदेश्याचं सोडा, शेतकरी नसलेल्या पुणेकराला तरी घेता येतं का?

आमचं घोडं मात्र वेगळ्याच जागी अडलं होतं. लग्नानंतर घेतलेली मिळकत नवरा-बायकोची सामाईक धरतात. सामाईक म्हणजे निम्मी माझी, आणि मी परदेशी. म्हणजे बायको इथली, सात पिढ्या इथल्या, तरी तिला स्वतःच्या गावात जमीन विकत घेता येईना. लग्नाआधी 'आपापली मिळकत वेगळी' असा करार केला असता तर आलं असतं. पण लग्न ठरलेल्या माणसांना हे कोण सांगतं? आणि सांगितलं तरी नवरीच्या बापासमोर असा कागद कोण काढतो? वडिलोपार्जित हिस्सा तेवढा तिचा राहत होता. शेवटी 2016 च्या ऑक्टोबरात घटना न्यायालयाने निकाल दिला, की असा करार लग्नानंतरही करता येईल. एका जपानी माणसाशी लग्न केलेल्या बाईनं तो खटला लढवला होता. पुढच्याच वर्षी आम्ही नोटरीसमोर बसलो. तेरा वर्षांच्या संसारानंतर 'तुझं ते तुझं, माझं ते माझं' असं लिहून सही केली आणि बाहेर येऊन दोघांनी एकाच वाटीतलं सोतो, म्हणजे इथलं सूप, खाल्लं. मग शेजारचं खाचर बायकोच्या नावावर घेतलं.

लोक मला सुचवतात, की इथल्या एखाद्या विश्वासू माणसाचं नाव लावून घ्यायची होतीस. 'पिंजाम नामा', उसनं नाव. बालीत कितीतरी परदेशी लोक हेच करून बसलेत. पण असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मिळत नाहीत. माझ्यापुरता उरतो तो एकच पेच. बायको माझ्याआधी गेली तर तिचा वारस म्हणून जमीन माझ्याकडे येईल आणि एका वर्षात ती मला सोडावी लागेल. मुलगी इंडोनेशियन आहे, तिच्याकडे जाईल. हा विषय जेवताना काढला की बायको म्हणते, "मी जाणारच नाहीये, तू भात घे."

आपल्या सातबाऱ्यासारखं इथं काय, असंही विचारतात. जुन्या काळी गावच्या कचेरीत 'लेटर सी' नावाची वही असायची. कुणाची जमीन, किती, सारा किती, एवढंच त्यात. आमच्या वडिलोपार्जित खाचरावर त्या वहीत अजून बायकोच्या पणजोबांचं नाव होतं. मग सरकारनं गावंच्या गावं एकदम मोजून सर्टिफिकेट द्यायची मोहीम काढली आणि ती आमच्याकडेही आली. नियम असा, की हद्दीचा खुंट दोन्ही शेजाऱ्यांनी समोर उभं राहून, दोघांच्या संमतीने ठोकायचा. तीन बाजू अर्ध्या तासात झाल्या. चौथ्या बाजूला बांबूचं बेट. बेट कुणाचं? सासरे म्हणाले, माझ्या आईनं लावलं. शेजारचे म्हातारे म्हणाले, लावलं तुमच्या आईनं, पण वाढलं माझ्याकडे. मोजणीचा पोरगा टेप धरून उन्हात उभा. मला वाटलं आता आपल्याकडच्यासारखी कोर्टाची तीस वर्षं. आवाज मात्र कुणाचाच चढला नाही. जावानीज माणूस भांडताना जास्तच मऊ बोलतो, ते ऐकून मला जास्त भीती वाटते. शेवटी सासूबाई आतून तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घेऊन आल्या. खुंट बेटाच्या मध्यातून गेला. आता बांबू तोडायचा झाला की दोन्ही घरं एकमेकांना विचारतात आणि म्हणून कुणीच तोडत नाही. बेट माजलंय.

आता सुरक्षिततेचं. इथंही मी 'हो' म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

इथं दहा-पाच नाही, साधारण चाळीस घरांचा एक गट असतो, त्याला 'एर्-ते' म्हणतात. त्याचा प्रमुख म्हणजे पाक एर्-ते. पाक म्हणजे बापाक, आपल्या 'काका'सारखं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा ताब्यात असताना शेजाऱ्यांचे असे गट बांधले होते, लोकांवर नजर ठेवायला आणि त्यांच्याकडून कामं काढून घ्यायला. जपानी गेले, गट राहिले. पुढे लष्करशहा सुहार्तोच्या काळात रात्रीच्या पहाऱ्याची पद्धत देशभर बसवली, तिच्यातही चोरापेक्षा शेजाऱ्यावर नजर जास्त, असं जुने लोक हळूच सांगतात. ज्याला तुम्ही सुरक्षितता म्हणता तिचं मूळ असं आहे, हे मी विसरत नाही.

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा त्याची बॅग उघडायच्या आत बायको त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन पाक एर्-तेंकडे गेली. पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहिला तर कळवायचं, गल्लीच्या तोंडाशी तशी पाटीच आहे. भाऊ चिडला. "दादा, मी काय फरारी आहे होय?" संध्याकाळपर्यंत त्याला गल्लीत सहा जणांनी नावानं हाक मारली. "कुठं निघालात?" हा इथला नमस्कार आहे, उत्तर द्यायचं नसतं, 'इथंच' म्हणायचं. त्यानं प्रत्येकाला खरं उत्तर दिलं. रात्री मला म्हणाला, "इथं चोर येणार कसा? आलाच तर त्याला आधी कुठं निघालास ते सांगावं लागेल."

चोर येतात. मोटरसायकली जातात, कोंबड्या जातात. चार वर्षांपूर्वी एक पोरगा गाडीचं कुलूप फोडताना सापडला. कुणीतरी 'मालिंग!' म्हणून ओरडलं आणि माणसं जमली. रोज मला 'मोंगो' म्हणून वाट देणारी, मशिदीच्या पायरीवर बसून नातवाला भरवणारी माणसं. पाक एर्-ते मध्ये आडवे पडले, त्यांच्याही पाठीवर दोन बसले, म्हणून तो पोरगा जिवंत पोलिसांपर्यंत गेला. मी काय केलं? कुंपणाला धरून उभा होतो. भावाला हे सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय.

मला स्वतःला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. शेतात उंदरांसाठी काही लोक विजेची तार ओढतात. जावात त्या तारेला चिकटून उंदरांबरोबर शेतकरीही मेलेत. म्हणून रात्री पहाऱ्यावर असताना बांधावरून जायचं नाही, हा आमचा नियम. आता काही ठिकाणी खाचरात खांबावर घुबडांसाठी घरटी बांधतात, उंदीर तीच खातात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, घराजवळ नको हो बांधू.

आणि भूकंप. 27 मे 2006, पहाटे 5 वाजून 53 मिनिटं. हे आकडे इथं जन्मतारखेसारखे पाठ असतात. योग्याकार्ता आणि क्लातेन मिळून 5,700 हून जास्त माणसं गेली, त्यातली हजारावर आमच्या जिल्ह्यातली. आम्ही तेव्हा पश्चिम जावात होतो, दुसऱ्या दिवशी पोचलो. सासऱ्यांचं विटांचं घर, ज्याचा त्यांना अभिमान होता, सपाट झालं होतं. मागचं जुनं लाकडी, खांबांवरचं घर कौलं गळून उभंच होतं. विटांमध्ये लोखंड नव्हतं, माणसं भिंतींखाली गेली. सासू-सासरे पहाटेच चुलीपाशी उठलेले, मागच्या घरात, म्हणून वाचले. नवं घर उभारायला गवंडी कमी, माणसं जास्त. आज याच्या घरी, उद्या त्याच्या. याला 'सांबातान' म्हणतात. बायका एका जागी रांधायच्या, पुरुष भिंत उचलायचे, मजुरी नाही. माझ्या आजोबांच्या तोंडी एक शब्द असायचा, इर्जिक. नांगरटीला सगळ्यांचे बैल एकाच्या रानात आणि जेवण त्याच्या घरी. तो शब्द मी गोष्टीतला समजत होतो.

आमच्याकडे जागल्या होता, तसं इथं 'जागा' म्हणजे राखण करणं. संस्कृतातूनच आलेला शब्द. फरक एवढाच, की आमचा जागल्या एक ठरलेला माणूस, ठरलेल्या जातीचा, आणि बाकीचं गाव झोपलेलं. इथं प्रत्येक घरातल्या पुरुषाची पाळी येते. चौकीवर फळा आहे, त्यावर सात वारांखाली नावं रंगवलेली आहेत. सोमवारखाली तिसरं नाव माझं, स्पेलिंग चुकलेलं. रात्री दहाला जमायचं, आल्याचं गरम पाणी, तळलेला कसावा, डॉमिनो. चौकीला लाकडाचा पोकळ केंतोंगान टांगलेला असतो. तो संथ वाजला तर ठीक, न थांबता घाईघाईनं वाजला तर संकट, आणि मग कुणी का वाजवतोय ते विचारत बसत नाही. भूकंपानंतर काही आठवडे लोकांना त्याच्या आवाजानं घाम फुटायचा, असं बायको सांगते.

एक वाजता फेरी. प्रत्येक दाराशी एक छोटा डबा टांगलेला असतो, त्यात मूठभर तांदूळ किंवा 500 रुपियांचं नाणं. आपले अडीच-तीन रुपये. याला 'जिंपितान' म्हणतात, म्हणजे चिमूटभर. ते गोळा करून रस्त्यावरचा दिवा, आजारी माणसाला भेट, मयतीच्या घरचा खर्च असं चालतं. पहिल्या वर्षी मला हा पोरखेळ वाटला. चार माणसं अर्धी रात्र फिरून जेमतेम मूठभर चिल्लर आणणार, महिन्याची वर्गणी का नाही काढत? पाक एर्-तेंना विचारलंही. ते म्हणाले, वर्गणी काढली तर दाराशी कोण जाणार?

मागच्या पावसाळ्यात भाऊ पुन्हा आला आणि हौसेनं फेरीला निघाला. हातात टॉर्च, डोक्यावर माझी टोपी. गल्लीच्या टोकाला एक आजी एकटी राहते, ऐंशीच्या पुढची. तिचा डबा रिकामा. आमच्यातले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. भाऊ मराठीत म्हणाला, "विसरली असेल की." कुणी उत्तर दिलं नाही. एकानं खिडकीवर टकटक केली. काही नाही. पुन्हा, जोरात. दुसरा मागच्या दारानं गेला. माझ्या पोटात गोळा आला.

खिडकी उघडली. आजीनं आम्हा पाचही जणांवर टॉर्च मारला आणि अशा जावानीजमध्ये शिव्या दिल्या की मला अर्ध्याच कळल्या. सुट्टे नव्हते म्हणे, आणि तांदूळ काढायला आत गेली तिथंच डोळा लागला. मग खिडकीतून एक मूठ तांदूळ फेकला, तो सगळा भावाच्या टोपीवर पडला. आम्ही उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात चिखलातले दाणे वेचत होतो, आणि आजी खिडकीत उभी राहून नीट वेचताय का ते बघत होती.