याकोबाच्या कबरीपर्यंत चालत

आम्ही नवरा-बायको स्पेनला कामिनो, म्हणजे सांतियागोच्या कॅथेड्रलमधल्या प्रेषित याकोबाच्या कबरीपर्यंतची पायी यात्रा, चालायला गेलो म्हटल्यावर लोकांना वाटलं मुलासाठी नवस केला असेल. तसं काही नव्हतं. मुलासाठीची प्रार्थना किती वर्षं जिथल्या तिथे आहे आणि मला चर्चच्या मंडळीत बसून दुसऱ्यांच्या प्रार्थना पुऱ्या झाल्याच्या साक्षी ऐकायचा कंटाळा आला होता. ज्यांचं झालं ते उभं राहून सांगतात, ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्या हातात माईक कोणी देत नाही, आणि बाहेर पडताना कोणीतरी हमखास म्हणतं, देवाची वेळ परफेक्ट असते गं.

कामिनो फ्रान्सेस ही पूर्ण वाट जवळपास 780 किलोमीटरची, तेवढी रजा कुठून आणायची, म्हणून आम्ही वाटेवरच्या सारिया गावाहून निघालो, तिथून साधारण 115. चालणाऱ्यांना सर्टिफिकेटसाठी निदान 100 लागतात, त्यामुळे सारियाला नुसती जत्रा. वाटभर पिवळे बाण, भिंतीवर, झाडावर, कुठे रस्त्यातल्या दगडावर. ओ सेब्रेइरो गावच्या फादर एलियास वालिन्यांनी 1980 च्या दशकात रंगाचा डबा घेऊन हे बाण काढायला सुरुवात केली, आणि तेव्हा या वाटेने चालणारं फारसं कोणी उरलंच नव्हतं! मला हा माणूस फार आवडला.

गॅलिसिया प्रांतात वाटेवर दगडी खांब असतात, सांतियागो किती उरलं ते पार मीटरपर्यंत कोरलेलं. आधी भारी वाटलं, मग चिडचिड व्हायला लागली. टाचा सोलवटल्या होत्या तरी पाय उचलत होते कारण आकडा कमी होताना दिसत होता, प्रार्थनेला असा खांब कुठे असतो? बायबलातला अब्राहाम देवाच्या शब्दावर घर सोडून निघाला तेव्हा 75 चा, मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 चा, आपण ते चहा पिता पिता वाचून संपवतो पण त्याला मधल्या एकाही वर्षी माहीत नव्हतं की एकूण 25 आहेत. त्याच्या बायकोला, साराला, म्हातारपणी मूल होईल हे ऐकून तर हसूच आलं. मला ते हसू कळतं.

अर्सुआ गावच्या अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, शेजारच्या बंकवरचे काका असे घोरत होते की झोपेचा प्रश्नच नव्हता, मग मोबाईलवर बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 12 वा अध्याय काढला, कारण ज्याच्या कबरीकडे चाललोय त्याचं मरण तिथे आहे. एका ओळीत उरकलंय. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, बस्स. लगेच पुढे येशूचा दुसरा शिष्य पेत्र तुरुंगात, मंडळीची कळकळीची प्रार्थना, रात्री देवदूत, साखळ्या गळून पडतात, तो येऊन दार वाजवतो तर आत प्रार्थना करत बसलेल्यांनाच खरं वाटत नाही. हा भाग संडे स्कूलपासून पाठ आहे. पण याकोबाचं काय? त्याच्यासाठी कोणीच गुडघे टेकले नसतील? तो तर येशूच्या अगदी जवळच्या तिघांतला. एक सुटला, एक नाही, आणि का ते अध्याय सांगतच नाही.

आमच्या प्रार्थना ग्रुपमध्ये आम्ही दोघी एकच विनंती घेऊन बसायचो. तिच्या कडेवर आता मुलगी आहे, गोड आहे पोर. तिचा विश्वास मोठा आणि माझा कमी पडला असं तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण न बोलता कळतं ना. त्या रात्री ते माझ्या डोक्यातून बरंचसं निघून गेलं. हजारेक वर्षं माणसं पाय सोलत चालतायत ती जो सुटला नाही त्याच्याकडे.

कॅथेड्रलच्या वेदीखाली लहानसं तळघर आहे, आत चांदीची पेटी, परंपरेप्रमाणे त्यात याकोबाच्या अस्थी. मागून लाईन ढकलत होती. नवरा गुडघ्यावर, मी उभीच, आणि तोंडात बायबलातलं 13 वं स्तोत्र आलं, कुठवर विसरणार आहेस मला. त्याचा शेवट गाण्यात होतो, तो माझ्याच्याने म्हणवला नाही, मध्येच आमेन केलं. तक्रारच होती ती, पण देवाकडेच केली, दुसऱ्या कोणाकडे जाणार?

यात्रेकरू ऑफिसात चालायचं कारण विचारतात, मी धार्मिक असं लिहिलं. परत आल्यावर ग्रुपमध्ये विनंत्या विचारल्या तेव्हा आधीचीच दिली, यावेळी जरा मोठ्याने.