पूर ओसरला, ओल नाही

आज परांड्याला मावशीकडं जाऊन आलो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात घरात मांडीएवढं पाणी होतं. आता बाहेरून घर चकाचक, पण उंबरा ओलांडला की कुबट वास नाकात शिरतो. कपाट पुढं ओढलं तर मागं भिंतीवर काळी-हिरवी बुरशी, डिस्टेंपर पापडासारखा सुटलेला. गोधड्यांच्या चळतीतही तोच वास.

मावशीला तेव्हापासून खोकला, दम, डोकं जड, अंग मोडून येतं. "वय झालं रे लेकरा, दुसरं काय." पण लातूरला लेकीकडं राहिली की ठणठणीत! डॉक्टरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ओल-बुरशीचा दमा-खोकल्याशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच मांडलाय. अमेरिकेतले डॉ. रिची शूमेकर त्याच्या पुढं जाऊन याला अख्ख्या शरीराचा जुनाट दाह म्हणतात, 'सीआयआरएस'. बहुतेक डॉक्टर ते निदान मानत नाहीत, आणि त्याच्या महागड्या टेस्टांच्या नादी मीही लागणार नाही. ओल काढायला कुठली टेस्ट लागते?

दादाचा बेत पुट्टी मारून ऑइलपेंट द्यायचा. म्हणजे ओल आतच कोंडणार. म्हटलं, आधी गिलावा काढ, विटा उन्हाळाभर उघड्या वाळू दे. खरवडताना मास्क लाव, अन् तेवढे दिवस मावशीला लातूरलाच ठेव.

"अन् पैसं?" दादा म्हणाला. पंचनाम्याला आलेल्यांनी पडलेल्या भिंती मोजल्या, ओल कुणी लिहून घेतली नाही.